सर्पगंधेचा हिशेब मांडणारा डॉक्टर

रविवारी सकाळी हिंजवडीहून सायकल हाणत कासारसाई धरणावर जाता ना? चढ लागला की मनगटावरच्या घड्याळात बघता. ठोके १५० झाले! शरीरात काय चाललंय, ते आकड्यात कळतं. याच आकड्यांच्या जोरावर मुंबईच्या एका डॉक्टरने १९४९ मध्ये जगाला आपली एक जुनी मुळी दाखवून दिली. त्यांचं नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

जन्म १९११ चा, मुंबईच्या पारशी घरातला. वैद्यकीय शिक्षण लंडनला झालं. मुंबईत परतल्यावर परळच्या केईएम रुग्णालयात ते हृदयरोगाचे पेशंट पाहू लागले. तेव्हाची परिस्थिती जरा डोळ्यांसमोर आणा. बीपी मोजता येत होतं, पण ते खाली आणणारं भरवशाचं औषध नव्हतं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्यांचं बीपी किती वाढलंय हे डॉक्टरांना माहीत होतं, तरी ते फारसं काही करू शकले नाहीत. अध्यक्षांची ही गत, तर गिरणगावातल्या कामगाराचं काय?

आपल्याकडे सर्पगंधेची मुळी होती. झोप येत नसेल, डोकं ठिकाणावर नसेल, तर वैद्य ती देत. कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिने बीपी उतरतं असं लिहिलं होतं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी या मुळीतून काही द्रव्यं वेगळी केली. त्यातल्या एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलिन’ नाव दिलं. सर्पगंधेच्या गोळ्याही बाजारात आल्या होत्या. पण भारताबाहेर कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

वकील यांनी नवीन झाड शोधलं नाही की नवीन रसायन बनवलं नाही. त्यांनी ५० पेशंट घेतले, मुळीच्या गोळ्या दिल्या आणि आधीचं-नंतरचं बीपी नोंदवत गेले. दहापैकी आठाहून अधिक जणांचं बीपी उतरलं. ज्यांना गुण आला नाही, तेही त्याच हिशेबात होते. हा सगळा हिशेब ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. तेव्हा ते अवघे ३८ वर्षांचे होते.

मग चक्रं फिरली. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचून सर्पगंधा मागवली आणि आपल्या पेशंटवर वापरून पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसरपिन वेगळं झालं. बीपीवर ते वापरात आलंच, मनोरुग्णालयांतही पोचलं. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्याच वर्षी पद्मभूषण.

गोष्ट इथे संपत नाही. मोजणी सुरू राहिली आणि दुसरी बाजूही पुढे आली. रेसरपिनने नाक चोंदतं, ठोके मंदावतात, काहींना नैराश्य येतं. डोस कमी झाले, पुढे नवी औषधं आली आणि रेसरपिन मागे पडलं. अजमलिनचं नशीब मात्र वेगळं निघालं. हृदयाचा ताल बिघडवणारा ‘ब्रुगाडा’ नावाचा आनुवंशिक आजार साध्या ईसीजीत कधी कधी लपून राहतो. तो उघड करायला अनेक देशांत आजही डॉक्टर अजमलिन टोचून ईसीजी काढतात. अर्थात, हे काम हॉस्पिटलमध्ये, तज्ज्ञांच्या नजरेखालीच. घरी मुळी उगाळून प्रयोग करायचे नाहीत!

वकील १९७४ मध्ये गेले. गोलवाला यांच्यासोबत त्यांनी लिहिलेल्या रोगनिदानाच्या पुस्तकावर डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या.

‘आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं’ असा मेसेज ग्रुपवर आला की तुमच्यातले निम्मे अंगठा दाखवतात, निम्मे हसतात. वकील यांनी दोन्ही केलं नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टला विषय हवाय? कुठलाही असा दावा घ्या, वही उघडा आणि त्यात फसलेल्या नोंदीही लिहा.