जंतूची ओळख आणि डॉक्टर हाफकिन

ताप आला की सुई टोचवून घ्यावी, तो न उतरल्यास दुसरी टोचवावी, आणि रोगी गलितगात्र झाला म्हणजे मग रक्त तपासावयास धाडावे, हा उलटा क्रम आमच्या खेड्यापाड्यांतून रूढ झाला आहे. सेनगाव तालुक्यातील गोरेगावच्या आमच्या वाचकांस तो अपरिचित नसेल. औषध अगोदर अंगात गेले म्हणजे रक्तातील जंतु अर्धमेले होतात. ते रसाच्या बाटलीत वाढत नाहीत, आणि काही आढळले नाही असा कागद हाती पडला म्हणजे पैसे पाण्यात गेले असे लोक म्हणू लागतात. हा दोष तपासणीचा नव्हे, क्रमाचा आहे. रक्त आधी घ्यावे आणि औषध लागलीच त्यामागून द्यावे. रोग भारी असेल तर उत्तराची वाट पाहत बसू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. जंतु नीट ओळखला जाणे आणि न जाणे यांत किती अंतर आहे हे ज्याच्या चरित्रात स्पष्ट दिसते, त्या वाल्डेमार हाफकिन यांची हकीकत म्हणूनच आज सांगावीशी वाटते.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. मेचनिकॉफसारखा गुरु लाभला, विद्याही संपादन झाली; परंतु त्या काळच्या रशियात यहुद्यास अध्यापकाची जागा मिळणे दुरापास्त होते, आणि धर्म सोडून ती मिळवणे त्यांस रुचले नाही. जन्मावरून माणसाची लायकी ठरविण्याचा रोग केवळ आमच्याच देशात आहे असे ज्यांस वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे. पुढे ते पॅरिसास पाश्चरच्या संस्थेत गेले. तेथे प्रथम त्यांस काम मिळाले ते ग्रंथालयातले! त्याच ठिकाणी त्यांनी पटकीची लस सिद्ध केली, १८९२ साली ती स्वतःस टोचून घेतली, आणि १८९३ साली ते हिंदुस्थानात आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन यांस सरकारने तिकडे पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढा त्यांचा संसार!

प्लेगचा जंतु हाँगकाँगास १८९४ साली सापडला होता खरा, पण त्याची ओळख पटविण्यात थोर पंडितांचाही गोंधळ उडाला होता. जपानी पंडित कितासातो यांनी रोग्यांच्या रक्तातून व प्रेतांतून जंतु घेऊन शरीराच्या उष्णतेत वाढविले. त्यांच्या बाटल्यांत दुसराही जंतु मिसळला असावा, कारण त्यांचे वर्णन पुढे खऱ्या जंतूशी जुळेना. येर्सिन यांनी सरळ गाठीतला पू घेतला. त्यांच्यापाशी उबवणीची पेटीही नव्हती. पण प्लेगचा जंतु थोड्या थंड हवेतच अधिक चांगला वाढतो, त्यामुळे ही उणीवच त्यांच्या कामी आली. त्या जंतूस आज त्यांचेच नाव आहे.

हाफकिन यांनी ओळखीचा उपाय शोधला तो आमच्या स्वयंपाकघरातला. मांसरसाच्या चंबूत त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवले. चंबू न हलविता ठेवला म्हणजे त्या थेंबांखालून वडाच्या पारंब्यांप्रमाणे जंतूंचे धागे खाली लोंबू लागत. किंचित धक्का लागला की ते तुटून तळाशी बसत आणि पुन्हा नवे फुटत. ह्या पारंब्या ही प्लेगच्या जंतूची खूण ठरली. त्याच रसातले जंतु उष्णतेने मारून केलेली लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचली, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांस.

हा प्रश्न केवळ जुन्या काळचा आहे असे कोणी समजू नये. ओल्या मातीत राहणारा मेलिऑयडोसिसचा जंतु चिखलात राबणाऱ्या शेतकऱ्याच्या, विशेषतः मधुमेह असलेल्याच्या रक्तात शिरतो. प्रयोगशाळेत त्यास पुष्कळदा दुसराच जंतु समजतात किंवा भेसळ म्हणून टाकून देतात, आणि रोग्यास क्षय झाला असे ठरवून औषध चालू होते. नेहमीचे जेंटामायसिन त्याजवर चालत नाही. ओळख पटली तर प्रथम शिरेतून आणि मग कित्येक महिने पोटातून, असे निराळे औषध द्यावे लागते. आता जंतूच्या घटकांचे वजन मोजून काही मिनिटांत त्याचे नाव सांगणारी यंत्रे निघाली आहेत. पण बाटलीत जंतूच वाढला नाही तर यंत्राने सांगावे काय? २०२४ साली हिंगोलीस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. औषधापूर्वी घेतलेली गोरेगावच्या रोग्याची बाटली तेथे वेळेवर पोचावी, आणि तिचे उत्तर रोगी जिवंत आहे तोवर परत यावे, अशी व्यवस्था आमच्या पुढाऱ्यांनी मागितली पाहिजे.

हाफकिन यांचे पुढील आयुष्य सुखाचे गेले नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी मंडळाने दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला आणि हाफकिन यांची जागा गेली. वस्तुतः बूच काढण्याचा चिमटा त्याच गावी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो नीट शुद्ध न करताच वापरला गेला. धनुर्वाताचा जंतु रसात कित्येक दिवस वाढत असता तर बाटलीस घाण सुटली असती. उघडताना तशी काही आली नाही. एवढी साधी खूण मानण्यास सरकारला पाच वर्षे लागली, आणि तीही रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या वर्तमानपत्रांतून आवाज उठविला तेव्हा. १९०७ साली ते निर्दोष ठरले व कलकत्त्यास परत आले. परळची प्रयोगशाळा मात्र त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. १९१४ साली ते निवृत्त झाले. १९२५ साली त्याच प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले, आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडात लोझान येथे त्यांचा देह पडला.