कमलाबाई निंबकर आणि हातांचे शास्त्र

जुन्या सातारा जिल्ह्यातील थोर माणसांची नावे विचारली, तर आपल्या महाविद्यालयातील कोणीही कर्मवीर भाऊराव, क्रांतिसिंह नाना पाटील, यशवंतराव चव्हाण अशी नावे एका दमात सांगेल. या यादीत कमलाबाई निंबकर हे नाव सहसा येत नाही. त्यांचा जन्म इकडचा नाही आणि आयुष्यातील मोठे कामही मुंबईत झाले. फलटणकडच्या विद्यार्थ्यांना मात्र हे नाव शाळेच्या पाटीवर दिसते. मला ते वेगळ्याच वाटेने कळले. त्याबद्दल पुढे सांगेनच.

कमलाबाईंचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. 1900 साली अमेरिकेत एका क्वेकर घराण्यात त्यांचा जन्म झाला. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातील एक छोटा पंथ आहे. त्यांच्या उपासनेत धर्मगुरू नसतो, माणसे एकत्र जमून शांत बसतात. युद्धाला आणि गुलामगिरीला या पंथाने फार पूर्वीपासून विरोध केला. अशा घरातील ही मुलगी विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी लग्न करून 1930 च्या सुमारास हिंदुस्थानात आली आणि कमला झाली. तो काळ मिठाच्या सत्याग्रहाचा. देश इंग्रजांविरुद्ध उठलेला असताना एका गोऱ्या स्त्रीने मराठी घरात सून म्हणून येणे सोपे नव्हते, एवढे आपण आजही समजू शकतो. नव्या भाषेपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळेच परके होते. त्या टिकल्या, इथे रुजल्या आणि उरलेले आयुष्य त्यांनी या देशालाच दिले.

त्यांच्या चरित्रातला मला सर्वांत आवडलेला भाग यापुढचा आहे. चाळिशी उलटल्यावर, संसार व मुलेबाळे असताना, त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले. आपल्याकडे पंचविशीनंतर परीक्षेला बसणाऱ्यालाही लोक हसतात!

व्यवसायोपचार म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण नावावरून चुकीचा समज होतो. इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. माणूस दिवसभर हातापायांनी आणि डोक्याने जे जे करतो, ते सर्व यात येते. जेवणे, कपडे घालणे, लिहिणे आणि लहान मुलाचे खेळणेसुद्धा. आजाराने किंवा जन्मतःच ज्याला ही कामे जमत नाहीत, त्याला ती कामे करवून घेत घेतच सुधारायचे, असे हे शास्त्र आहे. अमेरिकेत 1917 साली या क्षेत्रातील लोकांनी आपली संस्था स्थापन केली आणि पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांमुळे ते फोफावले. सुरुवातीच्या काळात विणकाम, सुतारकाम, वेताच्या टोपल्या करणे ही त्याची साधने होती. महाबळेश्वरच्या बाजारात वेताच्या काठ्या पाहत वाढलेल्या मला याचे मोठे नवल वाटले. त्या कामात बोटांची पकड, मनगटाचे वळण, नजर आणि चिकाटी या सगळ्यांचा व्यायाम होतो, हे कधी मनातच आले नव्हते.

1950 मध्ये कमलाबाईंनी मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचार शिकविणारी शाळा सुरू केली. ही आशियातील अशी पहिली शाळा समजली जाते. पुढे नागपुरातही असे शिक्षण सुरू झाले. 1952 साली व्यवसायोपचारकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, तिच्या पहिल्या अध्यक्षा कमलाबाईच होत्या. त्याच वर्षी या शास्त्राचा जागतिक महासंघ उभा राहिला. त्याच्या 10 संस्थापक देशांत भारताचे नाव आहे. स्वातंत्र्य मिळून पाचच वर्षे झालेल्या, अन्नधान्याची ददात असलेल्या देशाला तो मान मिळाला, यात या बाईंचा वाटा केवढा असेल!

मुंबईत त्या काळी पोलिओने अधू झालेल्या मुलांना घेऊन आईबाप दारोदार फिरत होते. श्रीमती फातिमा इस्माइल यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. स्वतःच्या लहान मुलीला पोलिओ झाला, तेव्हा उपचाराच्या शोधात त्या मद्रासपर्यंत गेल्या. आपल्या मुलीला जे मिळाले ते इतर मुलांनाही मिळावे म्हणून त्यांनी 1947 मध्ये डॉ. बाळिगा यांनी दिलेल्या चौपाटीवरील जागेत दवाखाना सुरू केला. हाजी अली येथील मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय त्यातूनच वाढले. पण असे दवाखाने चालवायचे तर शिकलेली माणसे हवीत, आणि ती सगळी परदेशातून आणणे शक्य नव्हते. कमलाबाईंचे महत्त्व इथे आहे. त्यांनी शिकविणारी शाळा काढली. एक उपचारक दिवसात किती मुले पाहणार? पण शिकून बाहेर पडलेल्या शंभर जणी शंभर गावांत बसतील. दवाखान्याचे उद्घाटन सर्वांना दिसते, शाळेचे फळ दिसायला वीस वर्षे लागतात. आपल्या समाजाला दुसऱ्या प्रकारचे काम ओळखता येत नाही, असे माझे मत आहे.

आता माझी वाट. माझा धाकटा भाऊ जन्मतःच मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे सेरेब्रल पाल्सीने, अधू आहे. तो वर्षाचा झाला तरी बसेना. शेजारच्या बायका म्हणत, काही मुले उशिराच बसतात. एका डॉक्टरांनीही टॉनिक लिहून दिले आणि वाट पाहायला सांगितले. एका शाळेने त्याला दारातूनच परत पाठविले. महाबळेश्वर हे इंग्रजांनी 1828 च्या सुमारास आजारी माणसांना बरे होण्यासाठी वसविलेले ठिकाण. पण अशा मुलाला तपासून नेमके सांगेल असे माणूस आम्हांला गावात सापडले नाही. पावसाळ्यात घराला झड्या बांधल्या की चार महिने बाहेर पडणे नको होते. त्या दिवसांत आई त्याला पोटाशी धरून, वर प्लॅस्टिक घेऊन, एस. टी. ने मेढ्याच्या घाटातून साताऱ्याला न्यायची. पुढे पुण्यात एका व्यवसायोपचारक ताईंची गाठ पडली.

त्यांची तपासणी मी पाहिली आहे. त्यांनी प्रथम भावाला खाली सतरंजीवर सोडले आणि बराच वेळ नुसते पाहिले. मग मान किती वेळ सावरतो, आधाराने बसवले तर कोणत्या बाजूला कलतो, मूठ उघडते का, चिमटीत चुरमुरा उचलता येतो का, हे एकेक करून टिपले. आईला विचारले, तो जेवतो कसा, शी-शूचे सांगतो का, कशाने हसतो. शेवटी त्यांनी चमच्याच्या दांड्याला कापडाची जाड घडी गुंडाळली आणि तो त्याच्या मुठीत दिला. अर्धा भात सांडला, अर्धा तोंडात गेला. तेव्हा तो चार वर्षांचा होता. आईने डोळ्याला पदर लावला. त्या खोलीच्या भिंतीवर एका वृद्ध गोऱ्या बाईंचे चित्र होते, कपाळाला कुंकू. कोण म्हणून मी विचारले, तेव्हा कमलाबाईंचे नाव मी प्रथम ऐकले.

सरकारी दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी असते. ती लागते, 40 टक्के असल्याखेरीज पुष्कळ सवलती मिळत नाहीत. पण टक्का मुलाला काय येत नाही ते सांगतो. ताईंच्या कागदावर त्याला काय येते आणि त्यानंतर काय येऊ शकेल, ते लिहिले होते. हे दोन्ही कागद आमच्या घरी एकाच पिशवीत आहेत. आई मात्र दुसराच पुन्हा पुन्हा काढून वाचते.

कमलाबाई नुसत्या शिकवून थांबल्या नाहीत. पुनर्वसनाविषयी 'जर्नल ऑफ रिहॅबिलिटेशन इन एशिया' हे नियतकालिक त्यांनी चालविले. भारतातील या कामाचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहिला, तो 'अ न्यू लाइफ फॉर द हँडिकॅप्ड' या नावाने 1980 साली प्रसिद्ध झाला. तो छापील पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 1979 मध्ये त्यांचे निधन झाले. व्यवसायोपचारकांच्या संघटनेत त्यांच्या नावाचा करंडक उत्तम निबंधाला दिला जातो.

त्यांचे चिरंजीव बनविहारी निंबकर फलटणला स्थायिक झाले आणि 1968 मध्ये त्यांनी तेथे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. सूनबाई जाई निंबकर या लेखिका, इरावतीबाई कर्वे यांच्या कन्या. मूळच्या अमेरिकन असलेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी 1986 मध्ये फलटणला मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा तिला कमला निंबकर बालभवन असे नाव दिले. एका अमेरिकन मराठी बाईंच्या शाळेला दुसऱ्या अमेरिकन मराठी बाईंचे नाव, हा योग आपल्याच जिल्ह्यात जुळून आला.

कमलाबाईंच्या वेळचा पोलिओ आता देशात राहिला नाही. शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत सापडला. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे 7 ऐवजी 21 प्रकार मानले आहेत. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतात. शंका आली तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे, अशी व्यवस्था आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी चार-पाच महिन्यांचे बाळ मान धरत नसेल, किंवा दीड वर्षाचे मूल चालत नसेल, तर अंगणवाडीच्या ताईंना पथकाची तारीख विचारावी आणि त्या दिवशी मुलाला घेऊन जावे. पथकाकडून पुढची चिठ्ठी लिहूनच घ्यावी. पावसाळ्यात तारीख पुढे ढकलली जाते, तेव्हा पुन्हा विचारावे.