माळशेज नव्हे, थळघाट! नाशिकला रेल्वेच्या नकाशावर आणणारे जेम्स बर्कले

नाशिक : मुंबईहून साईनगर शिर्डीकडे जाणारी वंदे भारत एक्स्प्रेस १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली, तेव्हा नाशिककरांमध्ये चर्चा होती ती तिच्या वेगाची आणि तिकिटाच्या दराची. रेल्वेच्या जाणकारांचे लक्ष मात्र कसारा घाटाकडे होते. मागून जोडाव्या लागणाऱ्या बँकर इंजिनांची मदत न घेता ही गाडी घाट चढणार होती. दीडशेहून अधिक वर्षे या घाटाने प्रत्येक गाडीला कसाऱ्यात थांबायला लावले आहे आणि आजही बहुतेक गाड्यांना तेथे मागून इंजिन लावल्याशिवाय इगतपुरी गाठता येत नाही. हा घाट रेल्वेने चढायचा, आणि तोही याच ठिकाणी, हे ज्या माणसाने ठरवले त्याचे नाव जेम्स जॉन बर्कले. देशातील पहिल्या प्रवासी रेल्वेचे मुख्य अभियंता म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख येतो. नाशिकशी असलेले त्यांचे नाते मात्र फारसे कुणाच्या लक्षात नाही.

बर्कले यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनच्या हॉलोवे भागात झाला. किंग्ज कॉलेजमधील शिक्षणानंतर त्यांनी अभियांत्रिकीची उमेदवारी केली. तो काळ इंग्लंडमध्ये रेल्वेच्या वेडाचा होता. रेल्वेचे जनक म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सन यांचे पुत्र रॉबर्ट स्टीफन्सन हे त्या वेळचे सर्वांत मातबर रेल्वे अभियंता होते. त्यांच्या हाताखाली काम शिकण्याची संधी बर्कले यांना मिळाली आणि तीच त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. इंग्लंडमधील मार्गांवर काही वर्षे काम केल्यानंतर १८४९ च्या अखेरीस स्टीफन्सन यांच्याच शिफारशीवरून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने, म्हणजे जुन्या पिढीच्या तोंडी असलेल्या 'जीआयपी'ने, त्यांना मुख्य निवासी अभियंता म्हणून नेमले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३० वर्षांचे होते. फेब्रुवारी १८५० मध्ये ते मुंबईत उतरले.

कंपनीसमोरचे काम साधे नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीशी ऑगस्ट १८४९ मध्ये झालेल्या करारात भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती. पण त्या बदल्यात आधी केवळ एक छोटा प्रायोगिक मार्ग बांधून दाखवायचा होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड-खानदेशातील कापूस हवा होता. तो बैलांच्या पाठीवरून घाट उतरून मुंबईस येईपर्यंत पावसात भिजे, धुळीने माखे आणि महागही होई. रेल्वेचा खरा हेतू मुंबई-ठाणे प्रवास हा नव्हताच, तर सह्याद्री ओलांडून दख्खनच्या पठारावर पोहोचणे हा होता. हे ध्यानात घेतले म्हणजे १८५३ च्या सोहळ्यापेक्षा त्यानंतरची बारा वर्षे अधिक महत्त्वाची का, हे कळते.

अर्थात तो सोहळाही दिमाखदार होता. १६ एप्रिल १८५३ च्या दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन २१ मैलांवरच्या ठाण्याकडे निघाली. नाना जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या मुंबईकर धुरीणांनी दशकभर पाहिलेले स्वप्न त्या दिवशी रुळांवर आले. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड मात्र आदल्याच दिवशी थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले होते! पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, ठाण्याची खाडी ओलांडून मार्ग कल्याणला पोहोचला. तेथून पुढे कोठे, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा नव्हता.

नाशिकचे भवितव्य खऱ्या अर्थाने पणाला लागले होते ते येथे. कंपनीचे मूळ प्रवर्तक जॉन चॅपमन आणि त्यांच्यासाठी आरंभीची पाहणी करणारे अभियंता जॉर्ज क्लार्क यांच्या योजनेत सह्याद्री एकाच ठिकाणी ओलांडायचा होता, आणि ते ठिकाण होते माळशेज घाट. माळशेजवरून जुन्नरच्या बाजूस आळे परिसरात पोहोचल्यावर मार्गाचे दोन फाटे करायचे, एक वऱ्हाड-नागपूरकडे आणि दुसरा सोलापूरकडे, अशी ती कल्पना होती. कागदावर ती मोहक होती. घाट एकच बांधायचा असल्याने खर्चही एकदाच करावा लागणार होता. ही योजना जशीच्या तशी अमलात आली असती, तर कल्याणहून निघालेला लोहमार्ग मुरबाडवरून वर गेला असता. इगतपुरी, देवळाली आणि नाशिक ही गावे त्यापासून कोसो दूर राहिली असती.

बर्कले यांनी ही योजना डोळे झाकून स्वीकारली नाही. पाहणी पथके घेऊन त्यांनी सह्याद्रीच्या कड्यांची मोजणी सुरू केली. त्या काळी या डोंगरांचे पुरेसे तपशीलवार नकाशे नव्हते. पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावे लागे आणि उरलेल्या काळात दऱ्याखोऱ्यांत, जंगलात तंबू ठोकून दुर्बिणी आणि साखळ्यांनी एकेक चढ मोजावा लागे. माळशेजचा कडा रेल्वेला पेलणारा नाही, या निष्कर्षाप्रत ते आले. रेल्वेला उंची चढण्यासाठी लांबी हवी असते. माळशेजला तळ आणि माथा यांच्यात उंची भरपूर, पण ती चढण्यासाठी लागणारी डोंगराची सोंड मिळत नव्हती. त्यांनी पर्याय मांडला तो दोन घाटांचा. कल्याणलाच मार्गाचे दोन फाटे करावेत. एक ईशान्येस थळघाटाने नाशिक-खानदेशकडे न्यावा आणि दुसरा आग्नेयेस भोरघाटाने पुण्याकडे.

एकाऐवजी दोन घाट बांधा, असे भागधारकांच्या पैशावर चालणाऱ्या कंपनीला सांगणे सोपे नव्हते. पण थळघाटाच्या बाजूने भूगोल बोलत होता. कल्याणहून शहापूर, आसनगावमार्गे कसाऱ्यापर्यंत जमीन हळूहळू वर चढत जाते. त्यामुळे मुख्य कड्याशी पोहोचेपर्यंत बरीच उंची आपोआप गाठली जाते आणि प्रत्यक्ष घाटात चढायचे उरतात ते सुमारे ९७२ फूट. भोरघाटात हाच आकडा १८३१ फुटांचा आहे. शिवाय मुंबई-आग्रा रस्ता थळघाटातूनच जात असल्याने सामानाची ने-आण शक्य होती. अखेर बर्कले यांचे म्हणणे लंडनमध्ये मान्य झाले. कल्याण जंक्शनचा जन्म या निर्णयातून झाला.

थळघाटाचे काम १८५७ च्या अखेरीस सुरू झाले. कसारा ते इगतपुरी हे अंतर जेमतेम साडेनऊ मैलांचे. पण त्यात १३ बोगदे आणि अनेक पूल बांधायचे होते. चढ ठिकठिकाणी ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र होता. सपाटीवरच्या रेल्वेच्या दृष्टीने हा चढ जवळजवळ भिंतच म्हणावा असा. घाटात मधोमध वळण घ्यायला जागा नव्हती, तेथे बर्कले यांनी उलटफेरीचे स्थानक योजले. गाडी डोंगराच्या एका सपाट पट्टीवर येऊन थांबायची, इंजिन पुढून काढून मागच्या टोकाला लावले जायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागायची. भोरघाटातही त्यांनी हीच युक्ती वापरली. विसाव्या शतकात मार्ग बदलून ही स्थानके वगळण्यात आली. पण तोवर अनेक दशके मुंबईहून येणारा प्रत्येक नाशिककर घाटात अर्ध्यावर दिशा बदलूनच घरी पोहोचत असे. एहेगाव येथील दरीवरचा सुमारे ७५० फूट लांबीचा पूल हे या घाटातील सर्वांत देखणे काम. खाली दीडशे फुटांहून अधिक खोल दरी आणि वर लोखंडी तुळयांवरून सरकणारी गाडी हे दृश्य पाहण्यासाठी प्रवासी मुद्दाम खिडकीत बसत.

या कामाची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण हातोडा, पहार आणि सुरुंगाची दारू यांच्याच बळावर फोडायचा होता. उभ्या कड्यांवर मजुरांना दोराने खाली सोडून भोके पाडून घेतली जात. उन्हाळ्यात पाण्याचे दुर्भिक्ष आणि त्यापाठोपाठ पटकीची साथ हे दरवर्षीचे ठरलेले होते. भोरघाटात १८६१ च्या आरंभी एकाच वेळी ४२ हजारांच्या आसपास माणसे राबत होती. दोन्ही घाटांत मिळून किती जण दगावले, याचा हिशेब त्या वेळी कुणी नीट ठेवला नाही, आणि अभियंत्यांची नावे कोरून ठेवणाऱ्या कंपनीला तो ठेवावासा वाटला नाही, हेही खरे. भोरघाटात थकलेल्या मजुरीवरून जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा उद्रेक झाला. ते कंत्राट नंतर सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे गेले. भारतात पोहोचल्यावर काही आठवड्यांतच ते आजाराने मरण पावले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते काम तडीस नेले.

कंत्राटांच्या बाबतीत बर्कले यांचे धोरण त्या काळाच्या मानाने वेगळे होते. मोठी कामे इंग्लंडच्या कंत्राटदारांकडे असली, तरी एतद्देशीय कंत्राटदारांनाही त्यांनी संधी दिली. जमशेटजी दोराबजी नायगामवाला या पारशी गृहस्थांनी मार्गाचे अनेक भाग बांधले. मुंबईच्या सार्वजनिक जीवनातही बर्कले रमले होते. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी भोरघाटावर १८५७ मध्ये आणि थळघाटावर १८६० मध्ये व्याख्याने दिली. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्समध्ये १८६० साली वाचला गेलेला भारतीय रेल्वेवरील त्यांचा निबंधही जाणकारांनी वाखाणला.

घाटाचे काम रखडत असताना नाशिकने एक विलक्षण काळ अनुभवला. घाटाखाली मार्ग १८६१ च्या आरंभी कसाऱ्यापर्यंत आला आणि त्याच सुमारास घाटावर इगतपुरी ते नाशिक गाडी धावू लागली. त्याच वर्षी हा मार्ग चाळीसगावपर्यंत गेला. म्हणजे नाशिकला रेल्वे आली, पण ती मुंबईला जोडलेली नव्हती! घाटावर धावणारी इंजिने आणि डबे आग्रा रस्त्यानेच वर न्यावे लागले होते. मुंबईहून येणारा प्रवासी कसाऱ्यास उतरून रस्त्याने घाट चढे आणि इगतपुरीस दुसऱ्या गाडीत बसे. अशी चार वर्षे गेली. नाशिकचे स्थानकही गावापासून काही मैल दूर होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यासाठी ट्राम सुरू करावी लागली. 'नाशिकरोड' हे स्वतंत्र गाव वसले ते या अंतरातूनच.

बर्कले यांना हे सारे पूर्णत्वास गेलेले पाहता आले नाही. अकरा वर्षांच्या धावपळीने त्यांची प्रकृती ढासळली. १८६१ मध्ये त्यांना काम सोडून इंग्लंडला परतावे लागले आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी लंडनजवळील सिडनहॅम येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना ४३ वे वर्ष पूर्ण व्हायचे होते. भोरघाट त्यानंतर आठ महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला आणि थळघाट १ जानेवारी १८६५ रोजी.

त्यांच्या कीर्तीला पुढे एक डागही लागला. भोरघाटातील 'महू की मळी' हा पूल जुलै १८६७ मध्ये कोसळला आणि त्यानंतरच्या तपासणीत जीआयपीच्या अनेक पुलांचे दगडकाम निकृष्ट असल्याचे उघडकीस आले. काही पूल पुन्हा बांधावे लागले. कंत्राटदारांची हातचलाखी आणि देखरेखीतील ढिलाई यांची जबाबदारी मुख्य अभियंत्याला पूर्णपणे झटकता येत नाही. मात्र ज्या वाटेने मार्ग नेला ती वाट चुकीची होती, असे कुणी म्हटले नाही. थळघाटाने वर गेलेला मार्ग भुसावळला पुन्हा दुभंगला. त्याचा एक फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, तर दुसऱ्याने जबलपूर गाठून मार्च १८७० मध्ये मुंबई-कोलकाता थेट जोडणी साधली. मनमाडहून दौंडकडे १८७८ मध्ये फाटा निघाला आणि शतकाच्या अखेरीस हैदराबाद संस्थानाकडे मीटरगेज मार्गही गेला. पंचवटी एक्स्प्रेस १९७५ पासून ज्या रुळांवर धावते आहे आणि देशातील पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरकडे ज्या मार्गाने गेली, तो हाच.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भिंतीवर नाना शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई यांच्या सोबतीने बर्कले यांचीही शिल्पाकृती आहे. कल्याणहून मुरबाड, माळशेजमार्गे नगरपर्यंत रेल्वे न्यावी ही मागणी त्यानंतरही अनेक दशके होत राहिली आहे. माळशेज घाटात मात्र अद्याप रेल्वे चढलेली नाही.