शाळा आणि शुश्रूषा : सावित्रीबाई फुले यांचे जीवनकार्य

सावित्रीबाई फुले यांचे नाव आज शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला ठाऊक आहे. मुलींना शिकविण्यासाठी घराबाहेर पडलेल्या शिक्षिका म्हणून आपण त्यांना मान देतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्यांचा अंत कोणते काम करताना झाला, हे फार थोड्यांना सांगता येते. मुलांना अक्षर शिकविणे आणि संकटात माणसाचा जीव वाचविणे ही दोन कामे त्यांनी कधी वेगळी मानली नाहीत. पालक आणि विद्यार्थी या दोघांनीही त्यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० मध्ये जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी मुलीला पाटी देणे हेच पाप समजले जात असे. खुद्द जोतीरावांचे शिक्षणही मध्येच सुटले होते. तेव्हा शेजारी राहणारे फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडील गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत जाऊ लागले. शेजाऱ्याच्या मुलाचे शिक्षण थांबलेले पाहून एका शिक्षकाने टाकलेला शब्द किती दूरवर पोहोचला पहा! शिकलेल्या जोतीरावांनी पत्नीला शिकविले, आणि शिकलेल्या पत्नीने पुण्यातील मुलींना शिकविले.

१८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंवर चिखल आणि शेण फेकले जाई, म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर ठेवीत, असे त्यांच्या आठवणींत नमूद आहे. विरोध घरापर्यंत आला, आणि १८४९ मध्ये या दांपत्याला राहते घर सोडावे लागले. अशा वेळी जोतीरावांचे मित्र उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात आसरा दिला. उस्मान शेख यांच्या भगिनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फातिमा शेख या सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावला माहेरी होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडत असेल, याची काळजी त्यांनी व्यक्त केली आहे. १८५२ पर्यंत पुण्यात मुलींच्या तीन शाळा उभ्या राहिल्या होत्या. ते यश अशा सोबत्यांच्या श्रमाचेही होते.

मुली शिकू लागल्या म्हणजे त्यांच्या घरांतील दुःखेही दिसू लागतात. त्या काळी उच्चवर्णीय विधवांना पुनर्विवाह करता येत नसे. फसवणूक होऊन गरोदर राहिलेली विधवा एक तर जीव देई किंवा जन्मलेल्या मुलाचा घात करी. १८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. येथे येऊन गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे, अशा जाहिराती त्यांनी लावल्या. बाळंतपण आणि बालसंगोपनाची जबाबदारी सावित्रीबाईंनी स्वतः उचलली. काशीबाई नावाच्या विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले, यशवंत हे नाव दिले, आणि पुढे त्याला डॉक्टर केले. १८६८ मध्ये त्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. सर्वांना पाणी मिळणे हाही आरोग्याचाच पाया नव्हे काय?

१८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाच्या वतीने भुकेल्या मुलांसाठी अन्नछत्रे चालविण्यात आली. त्यांतील बालाश्रम आपल्या बिबवेवाडीच्या शेजारी धनकवडी येथे होता. ज्या रस्त्याने आपली मुले आज दप्तर घेऊन जातात, त्या परिसरात एके काळी उपाशी मुलांना भाकरी वाटली जात होती, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

१८९० मध्ये जोतीरावांचे निधन झाले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः धरले. १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. वयाच्या साठीनंतरही त्यांनी विश्रांती घेतली नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढील वर्षी पुणे त्याच्या तडाख्यात सापडले. हा रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे १८९८ पर्यंत कोणी दाखवून दिले नव्हते, आणि तो बरा करणारी औषधेही तेव्हा नव्हती. सावित्रीबाईंनी डॉक्टर यशवंत यांना बोलावून हडपसरच्या बाजूस ससाणे यांच्या मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. रुग्णांना तेथे आणण्याचे काम त्या स्वतः करीत. मुंढव्याच्या दलित वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

त्याच मार्च महिन्यात सरकारने सैनिकांकरवी घरोघर झडती सुरू केली. लोक भयाने दारे लावू लागले, रुग्ण लपवू लागले. सक्तीपुढे बंद होणारे दार ओळखीच्या आणि विश्वासाच्या माणसापुढे उघडते. असा विश्वास एका दिवसात मिळत नाही. सावित्रीबाईंनी तो जवळजवळ पन्नास वर्षे शाळेत, बाळंतिणीच्या खोलीत आणि पाण्याच्या हौदावर मिळविला होता.

पालकहो, २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले. परंतु त्यांचे खरे स्मारक आपल्या घरी उभे राहावयाचे आहे. दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबविण्याचा विचार मनात आला, तर गफार बेग मुन्शींचा तो शब्द आठवा. आणि विद्यार्थिनींनो, तुमच्यापैकी कोणी परिचारिका व्हाल, कोणी डॉक्टर, कोणी शिक्षिका. मोहल्ल्यातील एखादी आई बाळाला लस देण्यास भीत असेल, तर तिच्याशेजारी बसून तिला समजावून सांगण्याइतके ज्ञान तुमच्याजवळ असावे, आणि तिने तुमचे ऐकावे इतका विश्वास तुम्ही मिळवावा. सावित्रीबाईंनी जे शिक्षण दिले, ते असे दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी होते.