दगडातल्या कामगारांना शोधणारा माणूस

समजा, तुम्ही घरी समुद्री मासे ठेवायचं ठरवलंय. काचेचा टँक आला, मीठ मिसळून खारं पाणी तयार झालं, हीटर आणि पंप लागले. आता निमोवाला तो केशरी क्लाउनफिश आणायचा एवढंच बाकी. तेवढ्यात कुणी जाणकार सांगतो, आधी लाइव्ह रॉक टाका आणि महिना-दीड महिना थांबा. म्हणजे पंधरवडे उलटतील आणि तुम्ही नुसते दगड बघत बसाल. वाट बघायची तरी कशाची?

याचं उत्तर एका माणसानं १८९० साली शोधलं. त्यांचं नाव सर्गेई विनोग्राडस्की. मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्यांना हे नाव माहीत असतं. बाकीच्यांनीही त्यांची गोष्ट वाचावी अशी आहे, विशेषतः कुठली लाइन घ्यायची हे ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांनी.

विनोग्राडस्की यांचा जन्म १८५६ चा, कीव्हमधल्या सधन घरातला. कॉलेजात आधी कायद्याला गेले. ते जमेना म्हणून विज्ञानाकडे वळले. तिथंही मन रमलं नाही, तेव्हा सगळं सोडून सेंट पीटर्सबर्गला पियानो शिकायला गेले. दोन वर्षांनी तेही सुटलं आणि १८७७ मध्ये ते पुन्हा विज्ञानाच्या वर्गात येऊन बसले. या वेळी मात्र टिकले.

गंमत बघा, त्याच १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्यून्ट्झ या दोघांनी एक प्रयोग केला. वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून ते सांडपाणी सोडत राहिले. साधारण वीस दिवस काहीच घडलं नाही. मग पाण्यातला अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की काम बंद! म्हणजे हे काम कुणीतरी जिवंत करत होतं. पण कोण? ते काही सापडेना.

सापडत नव्हतं याचं कारण सवयीत होतं. जिवाणू वाढवायचे तर त्यांना जिलेटिनसारखं पौष्टिक खाणं द्यायचं, ही तेव्हाची पद्धत. त्यावर भलतेच जिवाणू फोफावायचे आणि हवे ते दिसायचेच नाहीत.

विनोग्राडस्की यांच्याकडे याची किल्ली होती. स्ट्रासबर्गमध्ये असताना त्यांनी गंधकयुक्त झऱ्यांतल्या जिवाणूंवर काम केलं होतं. हे जिवाणू गंधकाच्या संयुगांमधून ऊर्जा मिळवतात, हे त्यांनी १८८७ मध्ये दाखवलं. १८८८ मध्ये झुरिकला गेल्यावर तोच विचार त्यांनी अमोनियाला लावला. खाणं वाढवण्याऐवजी त्यांनी ते काढूनच टाकलं. पाण्यात फक्त अमोनियाचा क्षार, थोडी खनिजं आणि तळाशी मॅग्नेशियम कार्बोनेटचे कण ठेवले. बाकीचे जिवाणू उपाशी राहिले. हवे होते ते जगले आणि त्या कणांना चिकटून वाढले. घन माध्यम हवं होतं तेव्हा त्यांनी जिलेटिनऐवजी सिलिकाची जेल वापरली.

मग आणखी एक गोष्ट उघड झाली. हे काम एकट्याचं नाही. पहिला गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट.

आता तुमच्या टँककडे या

लाइव्ह रॉक म्हणजे मेलेल्या प्रवाळांचा चुनखडीसारखा सच्छिद्र सांगाडा. दगड स्वतः जिवंत नसतो, त्याच्या भोकाभोकांत राहणारे जिवंत असतात. दगडावर जे काही मरतं, कुजतं, त्यातून अमोनिया निघतो. माशांसाठी तो विषच. पहिला गट वाढला की अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतं. तेही विषारी. दुसरा गट वाढला की नायट्राइट उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं, जे बरंच कमी घातक आहे. दगडाच्या आत, जिथं ऑक्सिजन पोचत नाही, तिथले वेगळे जिवाणू त्यातल्या काही नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. या सगळ्याला म्हणायचं टँक सायकल होणं.

वेळ का लागतो? काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. या कामगारांना मात्र कित्येक तास, कधी अख्खा दिवस लागतो. पुढच्या संशोधनात या कामात इतरही सूक्ष्मजीव सापडले, पण दोन टप्प्यांचं गणित तेच राहिलं. म्हणून टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकेपर्यंत मासा आणू नका. घाई केली तर मासा त्याच्याच अमोनियात मरतो. आणि दगड नळाच्या क्लोरीनच्या पाण्यानं धुऊ नका, कामगारच मरतील.

पुन्हा पहिल्यापासून

विनोग्राडस्की १८९१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला परतले आणि मोठ्या संस्थेत काम करू लागले. हवेतला नायट्रोजन पकडणारा जिवाणूही त्यांनी शोधला. मग १९०५ च्या सुमारास, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, सगळं सोडून युक्रेनमधल्या आपल्या जमिनीवर राहायला गेले. पंधराएक वर्षं प्रयोगशाळा नाही. क्रांती झाली, जमीन गेली, देशही सोडावा लागला. काही काळ बेलग्रेडला शिकवलं. १९२२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचं बोलावणं आलं तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. त्यांनी पॅरिसजवळच्या ब्री-काँत-रोबेर गावात पुन्हा माती तपासायला सुरुवात केली. मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्रावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९४९ मध्ये आला, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षाच्या आसपास. १९५३ मध्ये ते गेले.

मालवणला गेलात आणि पाण्यात सुंदर दगड दिसला तरी तो उचलू नका. रीफ बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. त्यापेक्षा कोरडा किंवा कृत्रिम दगड घ्या, त्यावर बाटलीतले जिवाणू सोडा, थोडा अमोनिया द्या. दगड आपोआप लाइव्ह होतो. फक्त वेळ घेतो. तेवढे दिवस टँक रिकामा दिसेल, पण आत काम चालू असेल.