पोकरमध्ये नशीब मोठं की कौशल्य? जॉन फॉन नॉयमन यांचं गणित काय सांगतं

प्रोग्राम आणि डेटा एकाच मेमरीत ठेवायचा, या कल्पनेवर तुमचा मोबाईल चालतो. १९४५ च्या अहवालात ती नीट मांडणारे जॉन फॉन नॉयमन पोकरही खेळायचे. पण गंमत म्हणजे, ते काही फार भारी खेळाडू नव्हते असं सांगतात!

त्यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. बुद्धिबळात सगळा पट डोळ्यांसमोर असतो. पोकरमध्ये मात्र समोरच्याचे पत्ते दिसत नाहीत, वर तो थापही मारतो. हेच त्यांना आवडलं, कारण खरं आयुष्यही असंच असतं. १९२८ मध्ये त्यांनी सिद्ध केलं, की दोघांच्या खेळात एकाचा तोटा हाच दुसऱ्याचा फायदा असेल, तर दोघांसाठीही एक सर्वात सुरक्षित डावपेच असतोच.

पुढे ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासोबतच्या पुस्तकात त्यांनी पोकर अगदी सोपा करून सोडवला.

ब्लफ का करायचा?

उत्तर भन्नाट होतं: पत्ते एकदम चांगले असतील तेव्हा मोठी बोली लावा, आणि एकदम फालतू असतील तेव्हाही कधीकधी लावा. फक्त चांगल्या पत्त्यांवरच बोली लावली, तर समोरचा दरवेळी पत्ते टाकून मोकळा होईल. म्हणजे ब्लफ हा नुसता धीटपणा नाही, तो हिशोब आहे.

८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, कॅन्सरने त्यांचं निधन झालं.

मग कोण जिंकलं?

२०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या एआयने चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. त्यासाठी २० दिवसांत १,२०,००० डाव खेळावे लागले. एवढे का? कारण एखाद्या डावात चांगले पत्ते आले, की नवशिकाही जिंकतो. नशिबाचा भाग बाजूला काढायला हजारो डाव लागतात.

थोडक्यात, एका डावात नशीब मोठं, हजारो डावांत कौशल्य. म्हणून एका रात्रीत जिंकलेले पैसे बघून स्वतःला एक्सपर्ट समजू नका. आणि हो, २०२५ च्या कायद्याने भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा.