मिरीचा वैद्य : गार्सिया द ओर्ता

पणजीच्या चर्चसमोरची म्युनिसिपल बाग आपण सगळे ओळखतो. ती ज्याच्या नावाची, त्या गार्सिया द ओर्ताविषयी मात्र आम्ही क्वचितच बोलतो.

त्याचा जन्म १५०० च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे येथे झाला. घराणे मूळचे ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेले. स्पेनमध्ये वैद्यक शिकून तो १५३४ मध्ये मार्तिम आफोन्सो द सौझाच्या आरमाराबरोबर गोव्यात आला आणि इथलाच झाला. अहमदनगरचा बुरहान निजामशाहसुद्धा त्याचे औषध घेई.

पोर्तुगीज इकडे आले ते मुख्यतः मिरीसाठी. पण ती कुठल्या झाडाला लागते हे युरोपातले पंडित जुन्या ग्रीक पोथ्यांतून सांगत. मिरी आणि पिंपळी एकाच झाडाची, असा त्यांचा समज होता. ओर्ताने मलबारच्या मिरवेलीचे वर्णन करून दोन्ही वनस्पती निराळ्या असल्याचे लिहिले. पांढरी मिरीही त्याने वेगळ्या वेलीची मानली, तिथे मात्र तो चुकला. पिकलेल्या मिरीची साल काढली की तीच पांढरी मिरी.

मिरीचा तिखटपणा पिपरिनमुळे येतो. डेन्मार्कच्या ओर्स्टेडने ते १८१९ मध्ये वेगळे काढले. जिभेला चटका कळवणारी जी संवेदना मिरचीतले कॅप्सेसिन चेतवते, तीच पिपरिनही चेतवते, म्हणून तोंड पोळल्यासारखे वाटते. गंमत अशी, की ओर्ताच्या ग्रंथात आले, लवंग, वेलदोडे आहेत, पण मिरचीला प्रकरणच नाही. आज तिच्याशिवाय आमचे हुमण होत नाही!

हा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात स्वतः ओर्ता आणि रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य यांचे संवाद आहेत. कवी कामोइंशची पहिली छापील कविताही त्यातलीच.

पोथीपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा, असे सांगणारा हा माणूस घरातल्या श्रद्धेविषयी आयुष्यभर गप्प राहिला. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन बसले होते, तेव्हा बोलणार तरी कसा? १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी बहीण कातारिनाला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल जाळण्यात आले. घरच्यांच्या जबान्यांत त्याचेही नाव आले होते. १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. क्लुसियसने केलेला ग्रंथाचा लॅटिन संक्षेप मात्र १५६७ मध्येच अँटवर्पला छापला गेला होता, आणि त्याच्या आवृत्त्या पुढेही निघत राहिल्या.